कुकडीचे कुंड आणि सुप्याचा माळ

पुण्याहून नगर रस्त्याने निघालेल्या माणसाला शिरूर तालुका दिसतो तो रांजणगावच्या महागणपतीपुरता आणि त्याच्या शेजारी पसरलेल्या एमआयडीसीपुरता. सोलापूर रस्त्याने निघालेल्याला दौंड तालुका म्हणजे यवत, चौफुला, पाटस ही पाट्यांवरची नावं आणि अधूनमधून धूर सोडणारी गुऱ्हाळं. या दोन महामार्गांच्या मधला आणि आसपासचा मुलूख बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो. पुणे जिल्ह्यात फिरायला जायचं म्हटलं की सगळ्यांची तोंडं पश्चिमेला वळतात: लोणावळा, ताम्हिणी, माळशेज, सिंहगड. पूर्वेला काय आहे, असं विचारलं तर "काही नाही, नुसता माळ" हे उत्तर ठरलेलं.

हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. भीमाशंकरच्या कड्यावर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटर आलं की शिरूर-दौंडमध्ये वर्षाची बेरीज पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबते, आणि वाईट वर्षी तेवढीही भरत नाही. सह्याद्रीने ढग अडवले, उरलेसुरले इथे आले. या उरल्यासुरल्या पाण्याने हा मुलूख घडवला आहे. थारच्या वाळवंटात राहणारा चिंकारा इथेही राहतो, ही एक गोष्ट सोडली तर याला कुणी वाळवंट म्हणणार नाही. पण कोरड्या प्रदेशाचं शास्त्र शिकायचं असेल तर राजस्थानपर्यंत जायची गरज नाही. शिरूरच्या एसटी स्टँडवर उतरलं तरी पुरे.

कोरडा मुलूख आणि पाण्याने कोरलेला खडक यांची जोडी जगभर सापडते. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात, चिवावा वाळवंटाच्या हद्दीत, कार्ल्सबाड कॅव्हर्न्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. १९३० साली त्याला हा दर्जा मिळाला, १९९५ साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. वर निवडुंग आणि काटेरी झुडपं, खाली चुनखडकात शंभराहून अधिक गुहा. पंचवीस-सव्वीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातली खडकाची रांग तिथे आज वाळवंटात उभी आहे, आणि जमिनीखालून आलेल्या वायूपासून तयार झालेल्या गंधकाम्लाने ती आतून पोखरली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गुहेच्या तोंडातून लाखो वटवाघळं बाहेर पडतात आणि ती पाहायला माणसं दगडी पायऱ्यांवर बसून राहतात. आपल्याकडे अशा गुहा पाहायच्या तर बस्तरच्या कांगेर खोऱ्यात कुटुमसरला किंवा मेघालयात जावं लागतं. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या बेसाल्टने झाकलेला आहे. बेसाल्ट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे झुंबरं लटकणाऱ्या गुहा इथे नाहीत.

विरघळत नाही, पण झिजतो. किती झिजतो ते पाहायचं तर टाकळी हाजीला जायचं.

टाकळी हाजी शिरूर तालुक्यात, कुकडीच्या दक्षिण तीरावर. पलीकडच्या तीरावर निघोज, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर. मधल्या नदीपात्रातल्या कुंडांना पुस्तकांत रांजणखळगे म्हणतात, गावातली माणसं नुसतं 'कुंड' म्हणतात. शिरूरहून पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता उसातून आणि कांद्याच्या वाफ्यांतून जातो. आपण कोरड्या मुलखात आहोत यावर विश्वास बसू नये इतकं हिरवं. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणं वरच्या अंगाला आहेत आणि त्यांच्या कालव्यांनी हा भाग पार बदलून टाकला आहे. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, हा इथल्या चहाच्या टपरीवरचा कायमचा विषय. वरचे जुन्नर-आंबेगाव आणि खालचे श्रीगोंदा, कर्जत, करमाळा यांच्यातली पाण्याची ओढाताण दर उन्हाळ्यात पेपरात येते.

फेब्रुवारीअखेर नदीत पाणी कमी असतं. देवळाजवळ गाडी लावून खाली उतरलं की आधी काही विशेष दिसत नाही. साधं खडकाळ पात्र, थोडं शेवाळ, नारळ-फुलांची दुकानं, वर झुलता पूल. आणखी चार पावलं पुढे गेलं की पायाखालची जमीन संपते. पात्राच्या मधोमध खडक फाटून खोल घळ झाली आहे आणि तिच्या दोन्ही काठांवर, भिंतींवर, तळाशी, जिथे नजर जाईल तिथे गोल खळगे आहेत. काही इतके लहान की त्यात मूठ मावेल, काहींत माणूस उभा राहिला तर वरून दिसणार नाही. दोन खळग्यांच्या मधली भिंत झिजून पातळ झालेली, कुठे तिला भोक पडलेलं, कुठे ती कोसळून दोन्ही खळगे एक झालेले. असे दहा-वीस एक झाले की घळ पुढे सरकते. म्हणजे ही घळ वरून नांगरल्यागत चिरलेली नाही, खळग्याला खळगा जोडून नदीने ती तयार केली आहे. हे एकदा लक्षात आलं की सगळा खडक वाचता येऊ लागतो.

एका कोरड्या खळग्याच्या काठावर मी बराच वेळ बसून होतो. आतली भिंत गुळगुळीत, हात फिरवला तर कुठेही खरखर लागत नाही, आणि तिच्यावर वरून खाली वळत गेलेल्या उथळ पन्हळी. तोंडापेक्षा पोट रुंद. तळाशी थोडी वाळू आणि पाच-सहा गोटे, सगळे गोलमटोल, कुठेही धार नाही. हे गोटेच इथले कारागीर. कुकडीला पूर आला की पाणी एखाद्या फटीपाशी किंवा खडबडीत जागी भोवरा धरतं, भोवऱ्यात वाळू आणि दगड सापडतात आणि रवीने ताक घुसळावं तसे त्या जागी गरगर फिरत राहतात. खडक झिजतो, दगडही झिजतो. दगड झिजून संपला की पुढचा पूर नवा दगड आणून टाकतो. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, थरांना तडे गेलेले असतात. झीज तिथून सुरू होते. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. नदी त्यामानाने कालची, आणि तरीही तिने हे केलं.

आशियातले सर्वांत मोठे रांजणखळगे, असं इथे प्रत्येक जण सांगतो. असतील. मला त्या स्पर्धेत फारसा रस नाही. रस आहे तो या नदीच्या एकूण प्रवासात. कुकडी उगम पावते नाणेघाटाजवळ. जुन्नरच्या परिसरात याच नदीच्या खोऱ्यात माणसांनी छिन्नी-हातोड्याने दोनशेहून जास्त लेणी खोदली, लेण्याद्रीचं गणपतीचं स्थान त्यांपैकीच एका लेण्यात आहे. त्याच नदीवर, जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ, काठाच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. दख्खनचे ज्वालामुखी तर कोट्यवधी वर्षांपूर्वी शांत झालेले, मग ही राख कुठली? ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, समुद्र ओलांडून आलेली. त्या राखेच्या सान्निध्यात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली. ती राख ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून कितीतरी आधीच्या स्फोटाची, यावर अभ्यासकांचा वाद अनेक वर्षं चालला. एकाच नदीच्या काठावर सुमात्राची राख, सातवाहनकाळापासूनची लेणी आणि हे कुंड! इंद्रायणी-भीमेचं माहात्म्य सांगणाऱ्या महाराष्ट्राने कुकडीकडे जरा दुर्लक्षच केलं, असं मला वाटतं.

कुंडाच्या दोन्ही काठांवर मळगंगेची देवळं आहेत. इकडे टाकळीची, तिकडे निघोजची. चैत्रात निघोजला मोठी यात्रा भरते आणि गावच्या बारवेतून देवीची घागर आपोआप पाण्यावर येते, अशी श्रद्धा आहे. ती पाहायला रात्रभर माणसं बारवेभोवती जागतात. दोन जिल्ह्यांच्या सीमेवर एकच देवी आणि तिची पाण्याशी जोडलेली यात्रा, हे या कोरड्या भागाला शोभणारंच आहे. पूजेच्या साहित्याच्या दुकानातल्या आजींना मी विचारलं, "आज्जी, पावसाळ्यात हे सगळं बुडतं का?"

"बुडत न्हाई, आईच्या पोटात जातं," त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढचं बजावलं, "पर तुम्ही कडंला जाऊ नका. लई खोल हाय. पोहणारी पोरं बी गेली हितं."

त्यांचं ऐकावं. वरून डबकं वाटणाऱ्या कुंडाची भिंत आतून रुंद होत गेलेली असते आणि गुळगुळीत खडकाला धरायला काही नसतं. इथे माणसं बुडाली आहेत. सेल्फीसाठी ओल्या खडकावर उभं राहणाऱ्यांना हे दर वेळी सांगावं लागतं. आणखी एक सांगावंसं वाटतं ते कचऱ्याबद्दल. ज्या खळग्यांत नदीने गोटे ठेवले तिथे आता पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं अडकून बसलेली दिसतात. पूर ती पुढच्या खळग्यात नेतो, एवढंच. शिवाय पुरांचं बळही आता पूर्वीचं नाही. वरची धरणं पाणी अडवतात, तशी पाण्याबरोबरची वाळू आणि दगडही अडवतात. कुंड घडवणारी अवजारंच वर थांबली आहेत. म्हणून जे घडलं आहे ते जपायला हवं. नदी नवं करून देईल, या भरवशावर राहता येणार नाही.

टाकळीहून परत शिरूर आणि तिथून न्हावऱ्याचा रस्ता धरला की जमिनीचा रंग बदलतो. वाटेत एका नव्या विहिरीचं काम चाललं होतं. तिच्या कडेला उभं राहिलं तर या मुलखाचा छेद डोळ्यांसमोर येतो: वर हात-दीड हात काळी माती, खाली पिवळसर थर, त्यात पांढरे खडे, मग मुरूम, मग काळा पाषाण. ते पांढरे खडे म्हणजे चुनखडी. बेसाल्ट कुजून माती होताना त्यातला चुना सुटा होतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर तो पावसाबरोबर वाहून जातो. इथे पाऊस इतका कमी की चुना थोडा खाली जातो आणि ऊन पाणी वर ओढून घेतं तेव्हा मातीतच गोठतो. गोठून गोठून त्याचे खडे होतात. आपल्याकडे चुनखडकाची गुहा नाही, पण नांगराच्या फाळाला लागणारी चुनखडी आहे, आणि तिचं कारणही तेच कोरडं हवामान. शेतकऱ्याला ती नकोशी. चुनखडीच्या रानात पीक पिवळं पडतं, डाळिंबाची पानं पिवळी दिसली की कृषी सेवा केंद्रात पहिली चौकशी लोहाच्या कमतरतेची होते. पण जुन्या वाड्यांची, गढ्यांची, घाटांची बांधकामं याच खड्यांनी उभी केली. खडे गोळा करायचे, भट्टीत भाजायचे, विझवायचे आणि बैलाच्या घाण्यात वाळूबरोबर मळायचे. सिमेंट आलं आणि ते घाणे बंद पडले. त्यांची गोल दगडी चाकं अजून काही गावांत वेशीजवळ पडलेली दिसतात.

चुना भाजायची ही विद्या इथे किती जुनी? त्याचं उत्तर इनामगावला आहे.

इनामगाव घोड नदीच्या उजव्या तीरावर, शिरूर तालुक्यात. नदीजवळच्या टेकाडांत डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षांच्या काळात अनेक हंगाम उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. हाती आलं ते महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांचं गाव, इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० एवढ्या काळातलं. शंभराहून अधिक घरं उजेडात आली. कुंभार, धातुकाम करणारे, हस्तिदंताचं काम करणारे आणि चुना तयार करणारे कारागीर इथे होते. म्हणजे विहिरीच्या कडेला दिसलेल्या त्या पांढऱ्या खड्यांचा उपयोग शिवकाळाच्या कितीतरी आधी, लोखंडही माहीत नसलेल्या माणसांनी ओळखला होता.

प्रत्यक्ष जाऊन पाहाल तर टेकाडं, बाभळी आणि खापऱ्या, एवढंच दिसतं. वस्तू पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. तरीही इथे उभं राहण्यात अर्थ आहे, कारण खाली वाकलं की मातीत लाल खापराचा तुकडा दिसतो आणि त्यावर काळ्या रंगाची एक रेघ. उचलू नये, जागच्या जागी पाहून पुढे जावं.

या गावाची गोष्ट पाण्याची आहे. भरभराटीच्या काळात इथली घरं ऐसपैस, चौकोनी. मुख्य पीक बार्ली, जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. नदीचं पुराचं पाणी वळवून शेताकडे न्यायला चारी खणलेली आणि काठाला बांध घातलेला. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक मोठं घर, त्याच्याजवळ धान्याचं कोठार, आणि त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेल्या स्थितीत पुरलेला एक पुरुष. इतर प्रौढ माणसं साध्या खड्ड्यात, उत्तरेला डोकं करून, घोट्याखाली पाय तोडून पुरलेली. लहान मुलं घरातल्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेली. रांजणातला तो माणूस गावाचा प्रमुख असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे.

इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास चित्र पालटतं. चौकोनी घरं जातात, त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. शेती आटते, गुरं-मेंढरं आणि शिकार यांच्यावर भर वाढतो. ढवळीकरांनी याचा अर्थ लावला तो वाढत्या कोरडेपणाचा: पाऊस कमी झाला, पीक येईना, शेतकरी अर्धा भटका मेंढपाळ झाला. पुढे तीन शतकांत गाव उठलं. नाशिक-नगर भागातली या संस्कृतीची गावं तर त्याच्याही आधी ओस पडली होती, इनामगाव टिकून राहिलं ते भीमेच्या खोऱ्यात असल्यामुळे. दुष्काळाच्या कथा आपण १८७६ च्या, फार तर दुर्गादेवीच्या दुष्काळापासून सांगतो. इथे तीन हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळ झोपडीच्या गोल पायाच्या रूपात जमिनीत उमटलेला आहे. शिरूरच्या शाळांतल्या मुलांना या टेकाडांवर आणून हे दाखवायला हवं. पाठ्यपुस्तकातलं गाव आपल्याच तालुक्यात आहे, हे त्यांतल्या कितीजणांना कुणी सांगितलं असेल?

न्हावऱ्याहून दक्षिणेला निघालेला रस्ता पारगावजवळ भीमा ओलांडतो आणि दौंड तालुका सुरू होतो. जवळच, रांजणगाव सांडसला, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुण्याचं सांडपाणी सोबत घेऊन येते. पुलावरून दिसणारी हिरवी चादर जलपर्णीची. नदी भरलेली, पण ओंजळीत घ्यावं असं पाणी नाही. दोन्ही बाजूंना ऊस. हा ऊस अलीकडचा नाही. १८७० च्या दशकात खडकवासल्याला धरण बांधून मुठेचा कालवा पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्याकडे काढला, तेव्हापासून दौंडची जमीन बदलत गेली. गुऱ्हाळांचा धूर त्या कालव्याचाच.

पुढे केडगाव. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारलं ते या उजाड माळावर. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी उपाशी मुली-बायका गोळा केल्या आणि इथे आणल्या. शेकडो जणींना पाणी पाजायचं तर विहिरी हव्या होत्या, म्हणून इथे विहिरी खोदल्या गेल्या. स्वयंपाक, शेती, विणकाम आणि छापखाना, सगळं बायकांनी चालवलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई इथेच गेल्या. महाराष्ट्राच्या सुधारणेचा इतिहास सांगताना पुण्याच्या पेठांची नावं भराभर येतात, केडगावचं मात्र आठवावं लागतं.

चौफुल्याला सोलापूर महामार्ग ओलांडून मोरगावची वाट धरली की कालव्याचं हिरवं मागे पडतं आणि खरा माळ सुरू होतो. सुपे गाव बारामती तालुक्यात, पण दौंडच्या वेशीला लागून. इथलं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. नाव मोरगावच्या गणपतीवरून, क्षेत्र अवघं ५.१४५ चौरस किलोमीटर. ताडोबा पाहून आलेल्याला हे अभयारण्य म्हणवणार नाही. दाट झाडी नाही, वाघ नाही, जीपांची रांग नाही. फुटलेले मुरमाड उंचवटे, हिवर, बाभूळ, बोर, तरवड आणि गुडघ्याएवढं वाळलेलं गवत. कुसळीची टोकं पायमोज्यांत शिरतात आणि घरी पोचेपर्यंत टोचत राहतात.

चिंकारा दिसायला वेळ लागला नाही. बोराच्या झुडपाआड तीन होते. मातीचाच रंग, पोटाखाली पांढरा, नराची शिंगं सरळ वर गेलेली आणि त्यांवर वळ्या. मादीलाही शिंगं असतात, पण बारीक आणि आखूड. नजर लावून पाहिलं तर सर्वांत आधी लक्षात येते ती शेपटी: काळी, आखूड, सतत हलणारी. नराने आमच्याकडे पाहिलं, नाकातून शिंकल्याचा आवाज काढला, पुढचा पाय जमिनीवर आपटला. तिघं वीस-पंचवीस पावलं पळाले, थांबले, वळून पुन्हा पाहिलं. हे वळून पाहणं त्यांच्या फार अंगवळणी पडलेलं. वजन जेमतेम वीस-पंचवीस किलो. पाला, बोरं, बाभळीच्या शेंगा आणि पहाटेचं दव यांतून हा प्राणी बरंचसं पाणी मिळवतो आणि पाणवठ्यावर न जाता बरेच दिवस काढू शकतो. वनखातं उन्हाळ्यात सिमेंटच्या टाक्यांत टँकरने पाणी भरतं, त्याचा उपयोग पक्ष्यांना आणि कोल्ह्यांनाही होतो.

पक्ष्यांसाठी तर दिवसभर बसावं. धाविक पक्षी उडण्याऐवजी पळतो, मध्येच थबकतो, आणि थबकला की डोळ्यांसमोरून नाहीसा होतो. चंडोल जमिनीवरून सरळ वर चढत गातो. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्ये गवतावरून खालून-खालून उडत टोळ आणि लहान पक्षी टिपतात. सापमार गरुड आकाशात एका जागी पंख हलवत उभा राहतो. या सगळ्यांना झाड नको, मोकळं गवत हवं. आणि इथेच वनीकरणाची जुनी चूक डोळ्यांत भरते. कुठेही मोकळी जमीन दिसली की झाडं लावायची, या ध्यासापायी दख्खनच्या माळांवर ग्लिरिसिडिया आणि सुबाभळीच्या रांगा लावल्या गेल्या. त्या सावलीखाली गवत मरतं आणि गवताबरोबर धाविक, चंडोल आणि माळढोकही जातो. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून हजारो चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, आज महाराष्ट्रात माळढोक जवळपास उरलेला नाही. काळविटांच्या वाट्याला शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं २.१७ चौरस किलोमीटर आलं, तिथे ते टिकून आहेत.

अभयारण्याच्या बाहेर एक मेंढपाळ मामा भेटले. वाडा उठवून कोकणाच्या बाजूला गेले होते, पाण्याच्या सोयीपायी यंदा लवकर परतले. संध्याकाळी वाघर लावून मेंढरं कोंडायची, सकाळी सोडायची. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. लांडग्याचा विषय काढला तर ते चिडतील असं वाटलं होतं.

"लांडगा ह्या माळाचा हाय, तसं आमी बी," ते म्हणाले. "वर्साला येखादं-दुसरं कोकरू त्याचं. पर पंचनामा करायला मानूस चार दिसांनी येतो, तवर हाडं बी ऱ्हात न्हाईत. भरपाई कशी मिळनार?"

पंचनामा वेळेवर होणं हा लांडगा वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, असं मला त्यांचं ऐकताना वाटलं. भारतात लांडगे दोन-तीन हजारांच्या घरात उरले असावेत, म्हणजे वाघांपेक्षाही जास्त नाहीत. त्यांचा वावर पाच चौरस किलोमीटरच्या तारेत मावत नाही. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, पुरंदर अशा तालुक्यांच्या सीमा ते रात्रीत ओलांडतात आणि बिळं करतात ती ओढ्याच्या काठाला, गायरानात, कुणाच्या तरी पडीक वावरात. गावांच्या उकिरड्यांवर कुत्री वाढली, त्यांच्याबरोबर रोग आले. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे. उसामुळे शिरूर तालुक्यात बिबट्या आला, त्याच्या हल्ल्यांत माणसंही गेली, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे लागलं आहे आणि ते बरोबरच आहे. पण त्या गदारोळात मोकळ्या माळावरचा लांडगा कुणाच्या मोजणीत येत नाही.

सातबाऱ्यावर असा माळ 'पोटखराबा' किंवा पडीक म्हणून लागतो, सरकारी नकाशांत ओसाड जमीन म्हणून. पडीक म्हटलं की ती कशासाठीही देता येते: सौरऊर्जेचे पट्टे, गोदामं, खडीक्रशर, एनए प्लॉट. सुप्याच्या रस्त्यावर प्लॉटिंगचे रंगीत फलक अभयारण्याच्या फलकाहून मोठे आहेत. वनखात्याने अलीकडे बारामतीतल्या शिर्सुफळला आणि इंदापुरातल्या कडबनवाडीला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, गावातलीच पोरं वाटाडे म्हणून तयार केली. माळ पाहायला माणसं पैसे मोजून येतात, ही गोष्ट गावाला पहिल्यांदा समजते आहे. तसं सुप्यालाही व्हावं, आणि टाकळी हाजीच्या कुंडावरही तिथल्याच पोरांनी लोकांना खडक दाखवावा. कुंड पाहायचं तर जानेवारी ते मे, पाणी उतरलेलं असताना. माळ पाहायचा तर पाऊस सरता सरता, गवत तुऱ्यावर असताना, नाहीतर थंडीत सूर्य उगवायच्या आत. सोबत पाणी घ्यावं, कुत्रा घेऊ नये, आणि मेंढरांचा कळप रस्त्यावर आला तर हॉर्न न वाजवता गाडी बंद करून थांबावं.